घड्याळाची गवाही

काही वर्षांपूर्वीच्या रमजानमधली ही गोष्ट आहे. आमच्या गावच्या मशिदीत मिहराबच्या बाजूला भिंतीवर एक जुने क्वार्ट्झ घड्याळ आहे. शेजारी नमाजाच्या वेळांचा तक्ता टांगलेला असतो. मुअज्जिन एक डोळा तक्त्यावर आणि एक घड्याळावर ठेवून बसतात. काटा जागेवर आला की अजान होते, आणि खजूर हातात धरून बसलेली माणसे रोजा सोडतात.

त्या वर्षी माझा खालाजाद भाऊ जहाजावरून सुट्टीवर आला होता. त्याच्या मनगटावर जपानमध्ये घेतलेले घड्याळ होते. "याला हात लावायचा नाही, हे रेडिओवरून स्वतःच वेळ लावून घेते," तो अभिमानाने सांगायचा. पहिल्याच आठवड्यात कोणाच्या तरी लक्षात आले की मशिदीचे घड्याळ त्याच्या घड्याळापेक्षा सव्वा मिनिट मागे आहे. चर्चा सुरू झाली. मी चार बुके वाचलेला माणूस, म्हणून सगळे माझ्याकडे बघू लागले. मी बेधडक सांगून टाकले, "हे अणुघड्याळाची वेळ घेते. चुकणे शक्यच नाही. मशिदीचे घड्याळ याच्यावर लावा."

लावले. चार दिवस सगळी जमात त्या वेळेने रोजा सोडत होती. पाचव्या दिवशी माझा कॉलेजात जाणारा भाचा म्हणाला, "मामू, माझ्या मोबाइलमध्ये अजून मिनिटभर बाकी आहे." मी त्याला गप्प केले. मोबाइलचे काय खरे! पण त्याने ऐकले नाही. त्याने आणखी तीन मोबाइल गोळा केले आणि तिन्ही एकच वेळ दाखवत होते. मग त्या घड्याळाबरोबरची माहितीपुस्तिका शोधली. त्यात लिहिल्याप्रमाणे एक बटण दाबले. सेकंदकाटा गर्रकन फिरला आणि तबकडीच्या कडेला असलेल्या दोन खुणांपैकी 'नाही' या खुणेवर जाऊन थांबला. अर्थ सरळ होता, सिग्नल मिळालेला नाही. भाऊ जपानच्या बंदरातून निघाल्याला नऊ महिने झाले होते. तेवढे दिवस ते घड्याळ साध्या क्वार्ट्झ घड्याळासारखेच स्वतःच्या अंदाजाने चालले होते, आणि थोडे थोडे करून सव्वा मिनिट पुढे गेले होते.

मौलानांपुढे मान खाली घालून गेलो. ते रागावले नाहीत. तक्त्यात सूर्यास्तानंतरची तीन मिनिटे एहतियात म्हणून धरलेली असतात, त्यामुळे रोजे झाले, असे त्यांनी सांगितले. वर एवढेच म्हणाले, "घड्याळ तर खरे बोलत होते, की खबर आलेली नाही. गवाही तुम्ही दिलीत."

ते वाक्य मनात राहिले. मग या घड्याळांविषयी मिळेल ते वाचत गेलो. वाचता वाचता लक्षात आले की त्यांचा इतिहास हा अचूकतेचा जेवढा आहे, तेवढाच संशय घेण्याचा आहे. आलेली खबर कधी मानायची आणि कधी नाकारायची, हे ठरवण्याचा आहे. आणि हा प्रश्न आपल्याला नवा नाही.

वेळ एकाने मोजायची, गावाने ऐकायची

घरोघर घड्याळ असणे ही फार अलीकडची गोष्ट आहे. त्याआधी वेळ मोजणारा एक असायचा आणि ऐकणारे हजारो. मुस्लीम शहरांत या कामासाठी एक खास पद निर्माण झाले, मुवक्कित. तेराव्या शतकाच्या अखेरीस ममलुकांच्या कैरोमध्ये हे पद दिसू लागते. मुवक्कित हा मशिदीच्या नोकरीतला खगोलशास्त्रज्ञ. सूर्याची उंची, सावलीची लांबी, ताऱ्यांची जागा यांवरून नमाजाच्या वेळा काढणे हे त्याचे काम.

दमास्कसच्या उमय्या मशिदीत चौदाव्या शतकात इब्न अल-शातिर हे मुवक्कित होते. ग्रहगतीची त्यांची गणिते आज जगभर अभ्यासली जातात. पण त्यांच्या गावाला ते ठाऊक होते त्यांच्या सावलीच्या घड्याळामुळे. 1371-72 च्या सुमाराला त्यांनी सुमारे दोन मीटर लांब आणि एक मीटर रुंद संगमरवरी फरशीवर रेषा कोरल्या आणि ती फरशी मशिदीच्या मिनारावर बसवली. पुढे ती फुटली. तिचे तुकडे संग्रहालयात आहेत आणि मिनारावर एकोणिसाव्या शतकातली प्रतिकृती आहे.

मला या व्यवस्थेची साखळी महत्त्वाची वाटते. सूर्याकडून फरशीला, फरशीकडून मुवक्कितला, त्याच्याकडून मुअज्जिनला, मुअज्जिनच्या आवाजातून शहराला. प्रत्येक कडीवर ओळखीचे, जबाबदार माणूस. खबर चुकली तर कोणाला विचारायचे, हे सगळ्यांना माहीत.

पुढे खिशातली घड्याळे आली तेव्हा उस्मानी तुर्कांनी त्यांनाही याच साखळीत ओवले. त्यांच्या पद्धतीत सूर्यास्ताला बारा वाजत. सूर्यास्त रोज थोडा सरकतो, म्हणून घड्याळही रोज लावावे लागे. इस्तंबूलच्या मोठ्या मशिदींजवळ मुवक्कितखाने होते, तिथे चांगली घड्याळे ठेवलेली असत आणि येणारे-जाणारे आपले घड्याळ त्यांच्यावर लावून घेत. 1 जानेवारी 1926 पासून तुर्कस्तानने ही पद्धत सोडली आणि मध्यरात्रीपासून मोजायचे 24 तास स्वीकारले. दर संध्याकाळी घड्याळ लावण्याची सवय तिथे संपली.

मनोऱ्यावरून रेडिओ

युरोपात हेच काम डोळ्यांनी चाले. ग्रीनविचच्या वेधशाळेवर 1833 पासून रोज दुपारी एक वाजता एक मोठा चेंडू खांबावरून खाली येई. नदीतल्या जहाजांवरचे खलाशी तो पाहून आपली घड्याळे तपासत. पण धुके पडले की चेंडू दिसत नसे, आणि समुद्रात गेल्यावर तर प्रश्नच नव्हता. जहाजाचे रेखांश घड्याळावर ठरत असल्याने वेळेतली चूक म्हणजे जागेतली चूक, आणि जागेतली चूक म्हणजे खडक.

रेडिओने ही अडचण दूर केली. पॅरिसचा आयफेल टॉवर मुळात 20 वर्षांच्या परवान्यावर उभा होता. त्यानंतर तो पाडता आला असता. तो वाचला त्यात रेडिओचा वाटा मोठा. 23 मे 1910 पासून त्याच्यावरून वेळेचे सिग्नल नियमित जाऊ लागले. ब्रिटनमध्ये 5 फेब्रुवारी 1924 रोजी बीबीसीवर ग्रीनविचचे सहा ठोके ऐकू आले. माझ्या पिढीला रेडिओवरच्या बातम्यांआधीचे ते टूं-टूं आठवत असेल. अब्बा ते ऐकून मनगटावरच्या घड्याळाची चावी आत दाबायचे.

इथपर्यंत मध्ये माणूस होता. रेडिओ बोलायचा, कान ऐकायचा, बोट काटा सरकवायचे. कान हा अतिशय हुशार यंत्रभाग आहे. खरखरीतून तो ठोका ओळखतो. शेजारच्या घरातले भांडे पडले तर तो त्याला ठोका समजत नाही. हा माणूस मधून काढून टाकायचा, तर त्याची हुशारी यंत्राला शिकवायला हवी होती.

मिनिटभराची खबर

जर्मनीत फ्रँकफर्टजवळ माइनफ्लिंगेन नावाच्या ठिकाणी एक दीर्घलहरी प्रक्षेपक आहे. त्याचे नाव डीसीएफ 77. 1959 पासून तो वेळेचे सिग्नल देतो आहे आणि 1973 पासून त्या सिग्नलमध्ये पूर्ण तारीख-वेळ सांकेतिक रूपात भरलेली असते. वेळ येते ती तिथल्याच अणुघड्याळांवरून, आणि त्यांच्यावर देखरेख ब्राउनश्वाइग शहरातल्या राष्ट्रीय मापन संस्थेची. प्रक्षेपकाची ताकद 50 किलोवॅट, वारंवारता 77.5 किलोहर्ट्झ. सुमारे दोन हजार किलोमीटरपर्यंत तो ऐकू येतो.

त्याची भाषा फार साधी आहे. लहर सतत चालू असते. प्रत्येक सेकंदाच्या सुरुवातीला तिचा जोर एकदम कमी होतो. तो दशांश सेकंद कमी राहिला तर शून्य, दोन दशांश राहिला तर एक. मिनिटाच्या शेवटच्या सेकंदाला जोर कमी होतच नाही. ती शांतता म्हणजे पुढचे मिनिट आता सुरू होत असल्याची खूण. अशा 59 शून्य-एकांमध्ये येणाऱ्या मिनिटाची वेळ, वार, तारीख, महिना, वर्ष सगळे मावते. लीप सेकंद येणार असेल किंवा उन्हाळी वेळ बदलणार असेल, तर त्याची सूचनाही तासभर आधीपासून येते.

समजा खबर आहे 18 वाजून 46 मिनिटांची. मिनिटांसाठी सात घरे आहेत: 1, 2, 4, 8, 10, 20 आणि 40. छेचाळीस म्हणजे 40 अधिक 4 अधिक 2. या तीन घरांत एक, बाकीच्या चारांत शून्य. त्यानंतर आठवे घर येते, ते केवळ पडताळणीचे. नियम असा की या आठ घरांतले एकूण 'एक' सम संख्येत असले पाहिजेत. इथे तीन झाले, म्हणून आठव्या घरात आणखी एक 'एक' टाकून चार करतात. वाटेत विजेच्या कडकडाटाने एखादे शून्य 'एक' झाले तर बेरीज विषम होते आणि घड्याळाला कळते की या खबरीत खोट आहे. तासांसाठी असेच वेगळे घर आहे, तारखेसाठी वेगळे.

पण एकाच वेळी दोन चुका झाल्या तर? 4 चे घर रिकामे झाले आणि 1 चे भरले, तर 46 चे 43 होतात आणि 'एक' पुन्हा चारच राहतात. पडताळणी पास, वेळ खोटी. म्हणून चांगले घड्याळ एका खबरीवर विश्वास ठेवत नाही. ते पुढच्या मिनिटाची खबर ऐकते. आधी 46 आले असेल तर आता 47 च यायला हवे. कित्येक घड्याळे अशा लागोपाठच्या दोन-तीन खबरी जुळल्याशिवाय काट्याला हात लावत नाहीत. 25 वा तास किंवा 13 वा महिना आला तर ते कचऱ्यात जाते हे सांगायला नकोच.

ऐकायचे तर आधी गप्प बसायचे

भिंतीवरच्या आणि टेबलावरच्या घड्याळांना हे जमले, पण मनगटावर ते आणणे अवघड होते. 77.5 किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी जवळजवळ चार किलोमीटर असते. तिला पकडायला मनगटावर जागा किती, तर दोन बोटे. यावर उपाय म्हणजे फेराइटची छोटी कांडी आणि तिच्यावर बारीक तारेचे शेकडो वेढे. जुन्या ट्रान्झिस्टरच्या पोटात जी काळी कांडी असायची, तिचेच हे छोटे भावंड. जर्मनीच्या युंगहान्स कंपनीने 1990 मध्ये मेगा 1 हे मनगटी रेडिओ घड्याळ काढले, त्यात अँटेना चामड्याच्या पट्ट्यात बसवली होती. जपानच्या सिटिझनने 1993 मध्ये जपान, ब्रिटन आणि जर्मनी या तिन्ही ठिकाणचे सिग्नल घेणारे घड्याळ आणले. त्याची अँटेना तबकडीच्या मधोमध, उघड्यावर. धातूच्या डबीत बंद केली तर लहर आत पोचणार कशी, हा पेच होता. पूर्ण धातूची घड्याळे यायला पुढे काही वर्षे लागली.

एवढ्या छोट्या कानाला दूरचा क्षीण आवाज ऐकू यायचा, तर आजूबाजूचा गोंगाट टाळता आला पाहिजे. त्यासाठीच्या युक्त्या मला फार आवडल्या.

पहिली युक्ती, हळू बोलणे. सेकंदाला फक्त एक शून्य किंवा एक. इतक्या सावकाश बोलणाऱ्याला वारंवारतेची जागा फार थोडी लागते. त्यामुळे घड्याळात क्वार्ट्झच्या स्फटिकाची अशी चाळणी बसवता येते, की जी केवळ काही हर्ट्झ रुंदीची फट उघडी ठेवते. एफएमच्या एका स्टेशनला जेवढी जागा लागते, तिच्या तुलनेत ही फट म्हणजे सुईचे नेढे. बाहेरचा बहुतेक गोंगाट त्यातून आत येऊच शकत नाही.

तरी काही गोंगाट नेमका त्या फटीच्या दारात येतो. जुन्या नळीच्या टीव्हीचे उदाहरण घ्या. युरोपातल्या टीव्हीत पडद्यावर सेकंदाला 15,625 रेषा आखल्या जात. याची पाचपट केली की 78,125 हर्ट्झ. डीसीएफ 77 ची वारंवारता 77,500. अंतर फक्त 625 हर्ट्झचे. म्हणून टीव्हीवर ठेवलेले रेडिओ घड्याळ बिचारे रात्रंदिवस गोंधळलेले असे. आता नळीचे टीव्ही गेले, पण मोबाइलचे चार्जर, एलईडी दिवे, संगणक यांच्या आत वीज सतत चालू-बंद होत असते आणि तोही कचरा याच पट्ट्यात पडतो. घड्याळाच्या पुस्तिकेत 'रात्री खिडकीजवळ ठेवा, विजेच्या उपकरणांपासून लांब ठेवा' असे लिहिलेले असते, ते याचसाठी. लोखंडी सळ्यांच्या काँक्रीट घरात आतल्या खोलीपेक्षा खिडकी बरी.

दुसरी युक्ती, वेळ निवडणे. बहुतेक घड्याळे रात्री दोन ते पाचच्या दरम्यान सिग्नल शोधतात. तेव्हा माणसांची यंत्रे झोपलेली असतात. वातावरणाचा वरचा थरही रात्री दीर्घलहरी चांगल्या परतवतो, त्यामुळे आवाज दूरवर पोचतो. हे वाचताना मला हसू आले. तहज्जुदची वेळ! सगळे झोपलेले असताना उठून कान लावणे, हे घड्याळालाही शिकवावे लागले.

तिसरी युक्ती सगळ्यांत सुंदर. काट्यांच्या घड्याळात काटा पुढे ढकलणारी छोटी मोटर असते. तिच्या प्रत्येक टिचकीने चुंबकीय धक्का निर्माण होतो आणि शेजारच्या कांडीला तो मोठ्या आवाजासारखा ऐकू येतो. म्हणून कित्येक घड्याळे सिग्नल ऐकताना स्वतःचा सेकंदकाटा थांबवून धरतात. आतला हिशोब चालू असतो, पण टिकटिक बंद. दुसऱ्याचे ऐकायचे तर आधी आपण गप्प बसायचे.

एवढे सगळे करूनही खबर जुळली नाही तर घड्याळ काय करते? काहीच करत नाही. अर्धी-मुर्धी खबर घेऊन अंदाज बांधत नाही. जी वेळ आधीपासून चालू आहे तीच पुढे चालवते आणि दुसऱ्या रात्री पुन्हा कान लावते.

दोन मुअज्जिन, एक आवाज

गोंगाट केवळ यंत्रांचा नसतो. दोन खरे सिग्नलही एकमेकांत मिसळू शकतात. अमेरिकेत कोलोराडोतल्या फोर्ट कॉलिन्सजवळ डब्ल्यूडब्ल्यूव्हीबी हे केंद्र 1963 पासून आहे, वारंवारता 60 किलोहर्ट्झ. ब्रिटनचे एमएसएफ केंद्रही नेमके 60 किलोहर्ट्झवरच. रात्री अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आपले केंद्र लांब पडते आणि अटलांटिकपलीकडचे केंद्र त्यात लुडबुडते. एकाच गल्लीतल्या दोन मशिदींच्या अजाना एकाच सुरात, पण दोन सेकंदांच्या फरकाने सुरू व्हाव्यात, तसे. दोन्ही खऱ्या असतात, तरी शब्द एकही कळत नाही.

अमेरिकेने आधी आवाज वाढवला. 1999 मध्ये 50 किलोवॅट, 2005 मध्ये 70. मग 2012 मध्ये वेगळा मार्ग काढला. लहरीच्या जोराबरोबरच तिच्या कलेतही, म्हणजे चढ-उताराच्या क्रमातही, तीच खबर भरली. नुसता जोर मोजणाऱ्या जुन्या घड्याळांना या बदलाचा पत्ताही लागला नाही. कलेवर कुलूप लावून चालणारी काही जुनी उपकरणे मात्र निकामी झाली. नव्या ग्राहकयंत्रांना कितीतरी क्षीण सिग्नलही वाचता येऊ लागला.

जपानने ही अडचण मुळातच टाळली. त्यांची दोन केंद्रे आहेत. फुकुशिमा प्रांतातल्या डोंगरावर 40 किलोहर्ट्झचे, 1999 पासून, आणि क्यूशू बेटावर सागा व फुकुओका यांच्या सीमेवरच्या डोंगरावर 60 किलोहर्ट्झचे, 2001 पासून. वारंवारता वेगवेगळ्या, म्हणून एकमेकांत गोंधळ नाही. आणि एक बंद पडले तर दुसरे आहे.

तसा दिवस आला. 11 मार्च 2011 ला भूकंप आणि त्सुनामी झाली, फुकुशिमाच्या अणुवीज प्रकल्पात दुर्घटना झाली. डोंगरावरचे केंद्र प्रकल्पापासून 20 किलोमीटरच्या आत होते. 12 मार्चला तिथल्या माणसांना निघून जावे लागले आणि 40 किलोहर्ट्झवरचा आवाज बंद झाला. 21 एप्रिलला तो पुन्हा सुरू झाला. मधल्या चाळीस दिवसांत जपानच्या पूर्व आणि उत्तर भागातली असंख्य घड्याळे रोज रात्री कान लावत होती. काहींना दूर क्यूशूचा आवाज मिळाला, काहींना काहीच मिळाले नाही. तरी कोणतेही घड्याळ त्यामुळे बंद पडले नाही. सगळी आपापल्या क्वार्ट्झवर चालत राहिली. महिन्याला फार तर पंधरा-वीस सेकंदांची चूक. कोणी ती पाहिली असेल, कोणी नाही.

आपल्याकडे मनगटी घड्याळांसाठी असे दीर्घलहरी केंद्र नाही. भारतीय प्रमाणवेळ नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत राखली जाते, आणि ती आपल्यापर्यंत दुसऱ्या वाटांनी पोचते. माझ्या भावाचे घड्याळ कोकणात आल्यावर चीन, जपान, जर्मनी यांपैकी कोणाचाच आवाज त्याच्यापर्यंत येत नव्हता. ते नऊ महिने दर रात्री प्रामाणिकपणे 'नाही' म्हणत होते. बटण दाबून विचारायची तसदी मी घेतली नव्हती.

चांदची खबर

तरुणपणी मी एका गोष्टीवर फार हसायचो. तारयंत्र आले तेव्हा तारेने आलेली चांदची खबर मानायची की नाही, यावर आपल्याकडच्या उलेमांनी पानेच्या पाने लिहिली आहेत. पुढे टेलिफोनवर तीच चर्चा, मग रेडिओवर. मला वाटायचे, जग कुठे चालले आहे आणि हे कुठे!

आता त्याच चर्चेकडे वेगळ्या नजरेने पाहतो. त्यांचा आक्षेप तारेच्या खांबांवर नव्हता. तार कोणी पाठवली हे कसे कळणार? त्याने चांद स्वतः पाहिला की ऐकीव सांगतो? मध्ये शब्द बदलला तर? ईदच्या चांदला दोन विश्वासू साक्षीदार मागणे, त्यांची पारख करणे, हे म्हणजे आठव्या घरातला 'एक' आणि लागोपाठच्या दोन खबरी जुळवणेच आहे. आणि 29 तारखेला ढग असले, खबर आली नाही, तर? तीस पूर्ण करा. अंदाजाने ईद करू नका, घाबरूही नका, आपला हिशोब आहे तो चालवा. सिग्नल नसलेले घड्याळ नेमके हेच करते.

मग त्या सगळ्या शंका बरोबर होत्या आणि आपले वाद योग्य आहेत, असे मला म्हणायचे नाही. एका जिल्ह्यात दोन ईदी होतात तेव्हा दुखते. संशय घेण्याचा हेतू खबर शेवटी मानता यावी हा असतो. खबर तीनदा जुळल्यावरही काटा न हलवणारे घड्याळ बिघडलेले असते. रेडिओवरची घोषणा जबाबदार कमिटीची असली तर ती पुढे मान्य झालीच. माझी तक्रार उलटी आहे. ज्यांचे आजोबा तारेला साक्षीदार मागत होते, ते आपण मोबाइलवर आलेली कुठलीही खबर, कोणी लिहिली, कुठून आली हे न विचारता पुढे ढकलतो. मी तर साक्षात मशिदीत ढकलली होती.

आणखी एक गोष्ट या निमित्ताने समजली. त्या घड्याळाला सिग्नल मिळाला असता आणि ते सेकंदाला सेकंद बरोबर असते, तरी त्याला मगरिब कळली नसती. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची आहे, रत्नागिरीच्या सूर्याला तिथून इथे यायला सदतीस मिनिटांच्या आसपास लागतात. हा फरक, ऋतूप्रमाणे सरकणारा सूर्यास्त आणि वरची एहतियातची मिनिटे, हे सगळे भिंतीवरच्या त्या तक्त्यात आहे. ज्याने तो तक्ता बनवला, तो आमचा मुवक्कित. त्याचे नावही आम्हाला माहीत नाही.

भाचा आता मशिदीचे घड्याळ बघतो. रमजानच्या आदल्या जुम्याला तो तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून वेळ घेतो, तिन्ही जुळल्या तरच काटा हलवतो, आणि तक्त्याखाली पेन्सिलने तारीख लिहितो. खालेचा मुलगा जहाजावर परत गेला. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला, जहाज ओसाकाला लागले होते. रात्री घड्याळ खिडकीत ठेवले होते, सकाळी बटण दाबले, काटा 'होय'वर गेला. "आता विश्वास ठेवायला हरकत नाही ना?" त्याने हसत विचारले.

मी म्हटले, "गावाकडे निघायच्या दिवशी पुन्हा विचार त्याला."